मुलगा घडाघडा बोलतो, वहीत तीन ओळी. मुलगी पानभर लिहिते, तोंडातून शब्द नाही.

खाडीपलीकडची (धागाकर्ती)

कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीजवळ एका समाजमंदिराच्या खोलीत आम्ही चौघं संध्याकाळी साडेसात ते नऊ इंग्रजीचा वर्ग घेतो. फी नाही. आठवी ते बारावीची मुलं येतात, शिवाय नोकरीला लागलेले दोघं-तिघं. बहुतेकांचे वडील तुर्भ्याच्या मार्केटात आहेत. वर्गाला सहा वर्षं झाली आणि पहिल्या वर्षी पडलेला प्रश्न अजून पिच्छा सोडत नाही. इथे शिक्षक आहेत, बीपीओत काम करणारे आहेत, पालक तर सगळेच आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

नववीतला एक मुलगा आहे. मोबाइलवर गेम खेळताना कुठल्या कुठल्या राज्यांतल्या पोरांशी बोलून बोलून त्याचं इंग्रजी सुटलंय. चुका भरपूर, पण अडत नाही. मागच्या महिन्यात त्याला म्हटलं, वडिलांच्या कामाबद्दल सांग. तो म्हणाला:

"माय फादर गो ॲट नाइट. टू ओ'क्लॉक. ट्रक कम, देन ही अँड हिज टोळी एम्प्टी द ट्रक. वन बॅग, वन बॅग, ऑन द बॅक. मॉर्निंग ही कम होम अँड स्लीप. देन वी नॉट मेक नॉइज. माय सिस्टर ऑल्सो नॉट क्राय."

बहीण दीड वर्षाची आहे. वर्ग एकदम शांत झाला. मी म्हटलं, अगदी हेच आता वहीत लिही. वीस मिनिटांनी त्याने वही दाखवली: "माय फादर इज ए वर्कर. ही इज व्हेरी हार्डवर्किंग. आय लव्ह माय फादर." संपलं. व्याकरणाची एकही चूक नाही. पण दोनचा ट्रक गेला, टोळी गेली, सकाळी न रडणारी बहीण गेली. गाइडमधल्या निबंधातला कुणातरी भलत्याचाच बाप तिथे आला.

दुसरी मुलगी अकरावीत आहे. दहावीला इंग्रजीत ८० पैकी ७१. पत्रलेखन, सारांश, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. तिला "आज वर्गाला कशी आलीस?" एवढं इंग्रजीत विचारलं तर ओठ हलतात, आवाज येत नाही. तिलाच विचारलं, नक्की काय होतं गं? म्हणाली, "ताई, वाक्य डोक्यात तयार असतं. मग मी ते तपासते. तपासेपर्यंत तुम्ही पुढच्या मुलीकडे गेलेल्या असता."

वर्गातले निम्मे पहिल्यासारखे, निम्मे दुसरीसारखे. बोलणं आणि लिहिणं एकाच भाषेची कामं आहेत, मग एक आलं की दुसरं मागोमाग का येत नाही? आधी काय पक्कं करून घ्यायचं? तुम्ही काय करता, तुमच्या मुलांचं काय झालं, ते सांगा. तोडगाच हवा असं नाही.

---

निवृत्त_नौपाडा

ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. तुमची दुसरी मुलगी मी हजार वेळा पाहिली आहे, कारण तिला आम्हीच घडवलं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली राज्याने ते मराठी शाळांत पहिलीपासून आणलं. हेतू चांगला होता, लहान वयात कानावर पडावं. पण परीक्षा कागदावरच राहिली, आणि जे कागदावर येतं तेच वर्गात होतं. तोंडी परीक्षेला गुण आहेत, पण साठ मुलांची तोंडी दोन तासिकांत घ्यायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर येतं. मुलं कविता म्हणून दाखवायची. आम्हीही ऐकून घ्यायचो.

आमचं शिकवणं भाषांतराचं. मराठी वाक्य द्यायचं, इंग्रजी करून घ्यायचं. त्यातून अर्ज, पत्र, अहवाल उत्तम लिहिणारे कारकून, अभियंते तयार झाले, हे मी कमी लेखणार नाही. त्यांनी घरं उभी केली. पण साहेबाच्या केबिनमध्ये गेलं की घसा कोरडा. लिहिताना वाक्य कर्ता, क्रियापद, कर्म असं मांडून बघता येतं, खोडता येतं. बोलताना खोडरबर नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं हाच क्रम. जे तोंडातून एकदाही गेलं नाही ते मुलाला लिहायला लावू नये.

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

मी तुमचा पहिला मुलगा आहे, पंधरा वर्षं पुढचा.

दहावी घणसोलीला, मग ऐरोलीत एका कॉल सेंटरला लागलो. आमच्याकडे दोन वाटा असतात, व्हॉइस प्रोसेस आणि ईमेल-चॅट प्रोसेस. बोलणारे इकडे, लिहिणारे तिकडे. मी व्हॉइसला चार वर्षं, कॉलचे मार्क कायम वरचे. मग टीम लीडर झालो आणि क्लायंटला मेल लिहायची वेळ आली. पहिले तीन महिने माझा प्रत्येक मेल मॅनेजरकडून लाल होऊन परत यायचा. रात्री अडीचला पॅन्ट्रीत बसून एकच मेल सातव्यांदा लिहिल्याचं आठवतं.

मला वाटायचं ग्रामर कच्चं आहे. रॅपिडेक्सछाप क्लासही लावला. फरक पडला नाही, कारण दुखणं वेगळं होतं. ते एका सीनियर बाईंनी दाखवलं. त्यांनी माझा मेल मोठ्याने वाचला आणि प्रत्येक वाक्यानंतर मला प्रश्न विचारत गेल्या. "द इश्यू इज स्टिल हॅपनिंग." कुठला इश्यू? "दे टोल्ड अस टू वेट." दे म्हणजे कोण? कधी सांगितलं? किती वेळ थांबायचं?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फोनवर हे प्रश्न कस्टमर विचारतो. मी अर्धवट बोललो तरी तो "व्हिच ऑर्डर?" म्हणतो आणि मी उरलेलं सांगतो. बोलणं आम्ही दोघं मिळून पूर्ण करत होतो आणि त्याचं सगळं श्रेय मी माझ्या इंग्रजीला देत होतो. मेलमध्ये समोरचा गप्प असतो, त्याच्या वाटणीचं कामही आपल्यालाच करावं लागतं.

आता नवीन पोरांना मी हेच करायला लावतो. मेल आधी शेजारच्याला तोंडी सांग. त्याने जिथे जिथे "म्हणजे?" विचारलं, तिथली उत्तरं मेलमध्ये घाल. मग पाठव.

---

खाडीपलीकडची

@ऐरोली_नाइटशिफ्ट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "त्याच्या वाटणीचं काम" हे मी सोमवारी वर्गात जसंच्या तसं सांगणार आहे. एखाद्या संध्याकाळी वर्गाला याल का? मुलांना तुमच्या तोंडून ऐकायला हवं.

---

सातवा_मजला

आमचा प्रश्न थोडा वेगळा, पण इथेच विचारते. घोडबंदर रोडला राहतो, मुलगा आठ वर्षांचा, इंग्रजी माध्यम. कॉम्प्लेक्समध्ये तेलुगू, गुजराती, बंगाली मुलं, त्यामुळे खाली खेळताना सगळं इंग्रजीत चालतं. त्याचं इंग्रजी ऐकून माझ्या सासूबाईंना अप्रूप वाटतं. पण शाळेतून शेरा आला, लेखन कमकुवत. "माय बेस्ट फ्रेंड"वर दोन ओळी, त्याही एकसारख्या. एवढं बोलणाऱ्या मुलाचं असं का व्हावं? घरी इंग्रजी वाढवावं का?

---

भाषेचा_विद्यार्थी

@सातवा_मजला, घरचं मराठी कृपया कमी करू नका. कारण सांगतो.

जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ मध्ये दोन प्रकारच्या भाषाक्षमता वेगळ्या करून दाखवल्या. एक खेळताना, दुकानात, गप्पांत लागणारी. तिथे हातवारे असतात, समोर वस्तू असते, संदर्भ दिसत असतो. दुसरी शाळेच्या अभ्यासात, लिखाणात लागणारी. तिथे सगळं शब्दांनीच उभं करायचं असतं. परदेशातून कॅनडात आलेल्या मुलांच्या नोंदी पाहून त्यांनी म्हटलं की पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात. मूल फाडफाड बोलायला लागलं की शिक्षक-पालकांना वाटतं भाषा आली, आणि पुढची वर्षं त्याला मदत मिळत नाही. त्यांचंच दुसरं म्हणणं असं की दुसऱ्या प्रकारची क्षमता एका भाषेत कमावली तर ती दुसरीतही उपयोगी पडते. मुलाने मराठीत आजीला गोष्ट नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, तर तो मुद्दे लावायला शिकतोय. ते इंग्रजी निबंधाच्या कामी येणार.

निवृत्त_नौपाडा सरांच्या (की बाईंच्या?) क्रमाबद्दल थोडा मतभेद. बोलणं आलं की लिहिणं आपोआप येईल असं त्यातून ध्वनित होतं, आणि तसं होत नाही. हॅलिडे या भाषावैज्ञानिकाने दाखवलं की बोललेली भाषा सोपी आणि लिहिलेली अवघड असा हा भेदच नव्हे, दोन्हींची गुंतागुंत वेगळी. बोलताना आपण छोटी उपवाक्यं एकमेकांत अडकवत लांब जातो, "आणि मग, म्हणून, कारण". लिहिताना कमी वाक्यांत आशयाचे शब्द ठासून भरतो. म्हणजे धागाकर्तीच्या मुलाला त्याचं बोलणं कागदावर आणावं लागेल आणि नंतर त्याची घडणही बदलावी लागेल. ही दोन कामं आहेत. एका दमात मागितली की मूल गाइडचा आसरा घेतं.

आणि नुसतं ऐकून-वाचून भागत नाही, हे मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमात शिकत होती. समज जवळजवळ फ्रेंच मुलांइतकी, पण बोलण्यात-लिहिण्यात व्याकरण लंगडं. समजून घेताना प्रत्येक प्रत्यय लागत नाही, अर्थ लागला की काम होतं. स्वतः वाक्य करायला बसलं की आपल्याकडे काय नाही ते कळतं.

---

डोल्याचा_डोळा

आम्ही आगरी. गाव आता नवी मुंबईच्या सेक्टरांमध्ये गुंडाळलं गेलंय, पण घरात अजून भाषा तीच. आम्ही "पानी" म्हणतो, "डोला" म्हणतो. शाळेत लिहायचं "पाणी", "डोळा". पहिलीत बाईंनी "पानी" खोडलं तेव्हा मी घरी येऊन आईला म्हटलं, तू चुकीचं बोलतेस. आई काही बोलली नाही. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

पण त्याच बाईंच्या जागी तिसरीला दुसरे गुरुजी आले. ते म्हणाले, घरचा शब्द घरचा, वहीतला वहीतला, दोन्ही तुझेच. एक गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगायला लावायचे, मग सगळ्यांनी मिळून फळ्यावर पुस्तकी मराठीत. मला लिहिण्याची भीती तिथे गेली ती गेली. पुढे इंग्रजीत बोलण्या-लिहिण्यातला फरक समोर आला तेव्हा मला धक्का बसला नाही, तो रस्ता मी एकदा चाललो होतो.

खरं तर हे सगळ्याच मराठी मुलांना माहीत असतं, त्यांना कुणी जाणवून देत नाही. "मी असं केलं" बोलतो, औपचारिक लिहिताना "मी असे केले" करतो. त्या नववीतल्या मुलाला हे दाखवा. त्याला वाटतंय आपलं बोलणं वहीत न्यायची परवानगीच नाही. इंग्रजी कच्चं असल्यापेक्षा ही गोष्ट जास्त आडवी येतेय, असं मला वाटतं.

---

वाचनखूण

+१. वरचा प्रतिसाद जपून ठेवला.

---

सानपाडा_शिवणकाम

मी उलट बाजूने आले, म्हणून लिहिते. वय ४३. बारावी मराठी माध्यम. ब्लाउज शिवते. सानपाड्यात आजूबाजूला सगळ्या भाषांच्या बायका, गिऱ्हाईक इंग्रजी-हिंदीत बोलतं. मला इंग्रजी बोलायची लाज वाटायची. लोक म्हणायचे बोल बोल, बोलूनच येतं. नाही यायचं. बोलायला गेलं की छाती धडधडायची.

मी वहीपासून सुरुवात केली. रोज रात्री पाच वाक्यं, आजच्या गिऱ्हाईकाशी मी काय बोलले असते ते. "द स्लीव्ह इज टाइट. आय विल ओपन द सीम अँड गिव्ह हाफ इंच." मुलगी तपासून द्यायची. दुसऱ्या दिवशी मशीन चालवताना तीच वाक्यं पुटपुटायची. महिन्याभराने एक बाई आली, तिने बाही घट्ट असल्याचं सांगितलं आणि माझ्या तोंडून वाक्य गेलं. गेल्यावर मला कळलं की मी बोलले.

ज्याला बोलायची भीती आहे त्याला आधी बोलच म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडीत ढकलणं. मोठ्या माणसाला मराठी लिहिता-वाचता येत असतं, ती त्याची ताकद आहे. ती का वापरू नये? मात्र एक सांगते, मी लिहिलं ते बोलायचंच लिहिलं. निबंध लिहीत बसले असते तर बाहीचं वाक्य आलं नसतं.

---

निवृत्त_नौपाडा

@सानपाडा_शिवणकाम, तुमच्यामुळे माझं वरचं ठाम मत मला बदलावं लागतंय. लहान मुलांसाठी मी क्रम धरून ठेवेन, मोठ्यांसाठी नाही. "बोलायचंच लिहिलं" हे मला आधी कळलं असतं तर माझ्या पत्रलेखनाच्या तासिका वेगळ्या झाल्या असत्या.

(@भाषेचा_विद्यार्थी, बाई.)

---

ट्रान्सहार्बर

स्पेलिंगबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं. ठाणे-वाशी लोकलने रोज शिकवणीला जातो, सहावी-सातवीची मुलं आहेत.

आपली देवनागरी जवळपास ऐकू येतं तशी लिहिली जाते, म्हणून आपल्या मुलाचा कानावर विश्वास असतो. तो विश्वास इंग्रजीत दोन्हीकडून फसतो. ज्यांनी शब्द ऐकून उचलला ते कानाने लिहितात. "आय वॉक्ट टू स्कूल" भरभर बोललं की शेवटचा "ट" पुढच्या "टू"मध्ये विरघळतो. मुलाने तो ऐकलेलाच नसतो, मग ई-डी लिहिणार कुठून? "ए" आणि "द"चं तसंच, इंग्रजीत ते इतके हलके उच्चारतात की निसटतात, आणि मराठीत त्यांच्या जोडीचं काही नाही. इंग्रजी घरात जन्मलेली माणसंसुद्धा "शुड हॅव्ह"च्या जागी "शुड ऑफ" लिहितात, कारण बोलताना ते तसंच ऐकू येतं. तेव्हा ही आपल्या मुलांच्या बुद्धीची उणीव नाही, हे पालकांनी समजून घ्यावं.

ज्यांनी शब्द पुस्तकातून उचलला ते डोळ्याने बोलतात. "डाउट"मधला बी, "रिसीट"मधला पी, "वेन्झ्डे"मधला डी, सगळे उच्चारतात. म्हणून मुलगा कसं चुकतो त्यावरून त्याला भाषा कुठून मिळाली ते ओळखता येतं, आणि मग उरलेली बाजू द्यायची. कानवाल्याला वाचन, डोळेवाल्याला ऐकवणं.

श्रुतलेखनाचा एक प्रकार करून पाहा. इंग्रजीत त्याला डिक्टोग्लॉस म्हणतात. चार-पाच वाक्यांचा परिच्छेद नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा, मुलांनी फक्त सुटे शब्द टिपायचे. मग तिघा-तिघांनी बोलून, भांडून तो परिच्छेद पुन्हा उभा करायचा आणि मूळाशी ताडून बघायचा. "इथे द होता का?" यावर मुलं जे भांडतात ते ऐकण्यासारखं असतं.

---

भाषेचा_विद्यार्थी

अकरावीतल्या मुलीसाठी एक सुचवतो. कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे पॉल नेशन यांनी तपासलेली पद्धत आहे, चार-तीन-दोन. एकच विषय एका जोडीदाराला चार मिनिटं सांगायचा, तोच दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन. ऐकणारा दर वेळी नवा, म्हणून पुन्हा सांगण्यात अर्थ राहतो. तिसऱ्या वेळी मजकूर ओळखीचा झालेला असतो आणि घड्याळ वाक्य तपासायला वेळ देत नाही. तिने आधी लिहून आणलं तरी चालेल, पण बोलताना कागद पालथा.

---

खाडीपलीकडची

तीन आठवड्यांनी येते आहे. वर्गात काय काय केलं ते सांगते.

मुलीला चार-तीन-दोन दिलं. विषय "आमच्या इमारतीतलं पाणी". पहिली चार मिनिटं फार वाईट गेली, दोन मिनिटं तर नुसती शांतता होती. मी जवळजवळ थांबवणारच होते. तिसऱ्या जोडीदारापाशी ती घाईत "द टँकर डिडन्ट केम" म्हणाली. चुकीचं म्हणाली आणि पुढे गेली! वाक्य न तपासता पुढे गेलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली. घरी जाऊन तिने तो परिच्छेद लिहिला आणि "डिडन्ट कम" स्वतःच केलं. परवा वर्ग सुटताना पुलापर्यंत माझ्याशी इंग्रजीत बोलत आली. किती चुकली ते मोजलं नाही.

मुलाचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि त्यालाच ऐकून उतरवायला दिलं. एक शब्द सुधारायचा नाही, ही अट. "ट्रक कम" तीनदा मागे नेऊन ऐकलं. मग म्हणाला, "ताई, मी एस बोललोच नाही." त्याला नियम पाठ होता, पेपरात तो एस लावतोही. स्वतःच्या आवाजात तो नाही हे त्याला माहीत नव्हतं. उतरवून दीड पान भरलं. एवढं आपण लिहिलं यावर त्याचा विश्वास बसेना. डोल्याचा_डोळा यांचं ऐकून मी त्याला सांगितलं होतं, घरचा शब्द घरचा, वहीतला वहीतला. त्याने टोळी हा शब्द टोळीच ठेवला, खाली एका ओळीत अर्थ दिला.

दुसऱ्या दिवशी ऐरोली_नाइटशिफ्ट वर्गाला आले (शिफ्टच्या आधी, आभार कसे मानू). त्यांनी ते दीड पान घेतलं आणि प्रत्येक वाक्याला प्रश्न विचारला. कुठली बॅग? कसली? किती जड? मुलाने समासात उत्तरं लिहिली. कांद्याची गोणी, चाळीस किलो.

रविवारी त्याने ते घरी वडिलांना वाचून दाखवलं, एक वाक्य इंग्रजीत, मग तेच मराठीत. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "चाळीस नाय रे, पन्नास." सोमवारी तो साडेसातच्या आधीच येऊन पायरीवर बसला होता. वही मांडीवर, चाळीसवर काट मारलेली, वर लिहिलेलं ५०.